बटाट्याला सहा बाटल्या

टॉनिक विकणारा डोन बेनान्सिओ मंगळवारच्या बाजारातून टेबल, पेटी आणि चमत्कार उचलून पळून गेला. अर्थात असं काही घडलेलंच नाही. चिल्काबाम्बा गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की त्या दिवशी मी बाजारातच नव्हतो. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर त्या न घडलेल्या मंगळवारी, गावातल्या त्या न आलेल्या माणसांनी बेनान्सिओच्या टेबलाभोवती ही गर्दी केली होती. तो गिऱ्हाइकाचं बोट टोचून रक्ताचा थेंब बशीत घ्यायचा आणि त्यावर पहिल्या बाटलीतलं पाणी सोडायचा. थेंब पांढराशुभ्र फेसाळायचा. हा फेस म्हणजे तुमच्या अंगातली फौज किड्यांशी लढतेय, पण बिचारी थकलीय, असं तो सांगायचा आणि चार बाटल्या टॉनिक गळ्यात मारायचा. आठवड्यानं दुसऱ्या बाटलीतलं पाणी सोडलं की फेस यायचा नाही. लढाई संपली. बहुधा तहावर सह्याही झाल्या असाव्यात.

डॉक्टर आणि संशोधक असलेल्या यानेतनं हेही हसण्यावारी नेलं असतं. पण चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, विकणाऱ्या दोन्या इलारियाची मुलगी सुल्मा चौदा वर्षांची होती, आणि मातीच्या भिंतीतल्या रक्त पिणाऱ्या विंचुका किड्यानं तिच्या रक्तात चागास रोगाचा जंतू सोडला होता. शरीराची फौज या जंतूला अडवून धरते, पण पुरता संपवत का नाही, यावरच यानेतचं सगळं संशोधन होतं. हा जंतू वर्षानुवर्षं हृदयात दबा धरून बसतो. साठ दिवसांच्या गोळ्या कोवळ्या वयात चांगल्या लागू पडतात. एकदा हृदय सुजलं की फारसा उपयोग नाही. आणि सुल्माच्या गोळ्या इलारियानं बाविसाव्या दिवशी बंद करून घरच्या ट्रंकेत टाकल्या होत्या.

“फेस आला नाही, डॉक्टरीणबाई. या डोळ्यांनी पाहिलंय,” इलारिया म्हणाली. “तुमच्या गोळ्यांनी पोर नुसती खाजवत बसते.”

यानेतनं अर्धा तास पेशी समजावल्या. इलारियानं सगळं ऐकून घेतलं आणि तिला वाडगाभर चिचा दिली.

मग यानेतनं बटाटे विकणाऱ्या डोन साबिनोच्या ढिगातून एक बटाटा घेतला, अर्धा किसला, रस बशीत पिळला आणि घरच्या आजाऱ्याचं रक्त म्हणून ती बशी घेऊन बेनान्सिओच्या रांगेत उभी राहिली.

“रक्त असं तपकिरी का?” बेनान्सिओनं विचारलं.

“सगळं आयुष्य मातीत गेलंय हो.”

त्यानं पाणी सोडलं. फेस बशीबाहेर आला. त्यानं डोळे मिटले. यकृत संपलंय, हृदयाला सूज आहे, शिवाय जवळच्या नातेवाइकाची नजर लागलीय. सहा बाटल्या.

यानेतनं उरलेला अर्धा बटाटा टेबलावर ठेवला. “हा तुमचा रोगी.”

आता लोक विचार करतील अशी तिची अपेक्षा होती. लोकांच्या आधी साबिनो आला. दोन महिने बेनान्सिओ अख्ख्या गावाचं रक्त सडकं ठरवत होता, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं.

“माझ्या बटाट्याला हृदयविकार?” साबिनो अगदी हळू म्हणाला. “तीन हजार मीटर उंचीवरचा माल आहे हा. तुझ्या बापानं तरी खाल्लाय का असा?”

साबिनोनं बेनान्सिओचा हात धरून ठेवला, तेवढ्यात यानेतनं दोन्ही बाटल्या उचलल्या. दर वेळी नवी सुई घेऊन तिनं सुल्माचं, स्वतःचं, साबिनोचं आणि शेवटी खुद्द बेनान्सिओचं बोट टोचलं. पहिल्या बाटलीनं सगळे फेसाळले. दुसरीनं कुणीच नाही. पहिलीत जखमा धुवायचं पेरॉक्साइड होतं, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं. रक्तातला एक पदार्थ त्याचे तुकडे करतो, त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि बुडबुडे येतात. तो बटाट्यातही असतो. दुसऱ्या बाटलीत नळाचं पाणी होतं.

“जी तपासणी सगळ्यांनाच आजारी ठरवते, ती कुणाबद्दलच काही सांगत नाही,” यानेत म्हणाली. “पुढच्या वेळी एवढंच विचारा, की फेस कुणाला येत नाही ते दाखव.”

 दुपारी इलारियानं ट्रंकेतून गोळ्या बाहेर काढल्या आणि खाजेवरचं मलम मागून घेतलं. उरलेले अडतीस दिवस पुरे करायचं कबूलही केलं.

“तुमचंच खरं असेल,” ती म्हणाली. “पण बाई, तुमचा तो तपासणीचा कागद तीन आठवड्यांनी येतो, आणि त्याच्यावर डोळ्यांना दिसेल असं काही होतच नाही.”

 यानेतनं अर्ज लिहिला:

‘प्रति, मा. संचालक, विभागीय आरोग्य कार्यालय. विषय: रक्ततपासणीच्या अहवालास फेस आणणेबाबत. महोदय, नागरिकांनी डोळ्यांपेक्षा पुराव्यावर विश्वास ठेवावा, हे योग्यच आहे. तथापि ते तसे करू लागेपर्यंत प्रत्येक अहवाल रुग्णासमक्ष किमान दोन मिनिटे फेसाळेल अशी तजवीज व्हावी, ही नम्र विनंती.’