कोपऱ्यातून दाराकडे

“काका, या घराचं भाडं किती आहे?”

हे विचारताना दीक्षाचा चेहरा मुलगी पाहायला आलेल्या थोरल्या मावशीइतका गंभीर होता. पैजच तशी होती. रितिका आणि रोशनी तिच्या मागे एकमेकींच्या दंडांना चिमटे काढत उभ्या होत्या. नियम दोनच: प्रश्न विचारताना हसायचं नाही आणि उत्तर पुरतं संपेपर्यंतही हसायचं नाही. हरली, तर परतीच्या बसमध्ये जागा असली तरी नागपूरपर्यंत उभं राहायचं.

ज्यांना विचारलं ते वामनराव. तिकिटं फाडणं, घरं दाखवणं, वाट चुकलेल्या बकऱ्या हाकलणं ही सगळी कामं जुन्या घरांच्या त्या संग्रहालयात तेच करत. तिकीट विद्यार्थ्यांना दहा रुपये. तिघींनी शनिवारची अर्धी शाळा सुटल्याबरोबर कळमेश्वरची बस धरली होती ती या दहा रुपयांपायीच. तीस रुपयांत तीन मुलींना अख्खी दुपार नागपुरात दुसरं कोण देणार होतं?

आणि दुपार होतीही भारी. रस्ते रुंद झाले, तलाव झाले, त्यात जी गावं उठली त्यांतली थोडी घरं इथे आणून ठेवली होती. एकेक लाकूड सोडवायचं, त्यावर ऑइलपेंटने नंबर टाकायचा, ट्रकमध्ये भरायचं आणि इथे आणून पुन्हा जसंच्या तसं उभं करायचं. मालगुजाराचं दुमजली घर होतं, त्याच्या झोपाळ्यावर रितिकाने चार रील काढले. टपाल कार्यालय होतं, त्याच्या खिडकीतून रोशनीने स्वतःलाच एक मनीऑर्डर पाठवली. रेल्वे फाटकवाल्याची खोली होती, तिथला हिरवा झेंडा दीक्षाने इतक्या जोरात फिरवला की गाडी असती तर मुंबईला जाऊन थांबली असती. आणि सगळ्यांत शेवटी, कडुनिंबाखाली, कवेलूंच्या छपराचं हे दोन खोल्यांचं मातीचं घर. इथे झोपाळा नाही, काही नाही. म्हणूनच पैजेला हे निवडलं होतं.

वामनरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

“भाडं नाही,” ते म्हणाले. “रविवारी सकाळी नऊले या लागते. सारवा लागते, चूल पेटवा लागते. मंग दिवसभर घर तुमचं. रांधा, जेवा, झोपा. येता का?”

दीक्षाच्या घशाशी आलेलं हसू आल्या वाटेने परत गेलं. मागे चिमटेही थांबले.

मग ते सांगत गेले. मातीच्या घराला माणूस लागतो. चुलीचा धूर वर चढला तर छताच्या बल्ल्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही, जमीन सारवली तर फुटत नाही. कुलूप लावून ठेवलं की असं घर दोन वर्षांत बसतं. म्हणून संग्रहालयाने रीत पाडली होती: दर रविवारी एकेक घर एकेका कुटुंबाला एका दिवसासाठी द्यायचं. मालगुजाराच्या घराची वही मार्चपर्यंत भरली होती. या घराची वही त्यांनी उघडून दाखवली, तर पानं कोरी. तीन महिने इथली चूल पेटली नव्हती. हा महिना असाच गेला तर घर बंद करून वरून ताडपत्री टाकायची, असं समितीने ठरवलं होतं. उद्याचा रविवार सोडला, तर महिन्याचा एकच रविवार उरत होता.

“काहून कोणी येत नाही?” रोशनीने विचारलं.

“लहान आहे ना. फोटो चांगला येत नाही,” वामनराव म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, आणि रितिकाने फोन खिशात घातला.

दीक्षाची गोष्ट अशी, की वर्षापूर्वी ती समोसासुद्धा बोट दाखवून मागायची. शंका आली तर रितिकाच्या कानात सांगायची आणि रितिका हात वर करायची. मग संविधान दिनाला शाळेत उद्देशिका वाचायची पाळी तिच्यावर आली आणि दुसऱ्याच ओळीला माईक बंद पडला. थांबायचं कसं तेही न सुचल्याने ती तशीच वाचत राहिली, जोरात, आणखी जोरात, आणि शेवटच्या रांगेतल्या दहावीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून जे उघडलं ते बंदच होईना. मम्मी म्हणे, आमच्या घरी आता रेडिओची गरज नाही.

“आम्ही येतो,” दीक्षा म्हणाली.

रितिकाने तिच्या वेणीला झटका दिला, पण पेन हातात आलं होतं. नाव, पत्ता: नंदनवन, नागपूर. माणसं: तीन. शेवटचा रकाना वामनरावांनी स्वतः बोटाने दाखवला. सारवण जाणणारं एक तरी मोठं माणूस हजर पाहिजे. मागे एका हौशी कुटुंबाने इतकं पाणी ओतलं होतं की भिंत पायथ्यापासून फुगली. त्या रकान्यात दीक्षाने एका दमात लिहिलं: प्रेमिला, आई.

लिहून झाल्यावर तिला मम्मी आठवली. म्हणजे खरीखुरी मम्मी. पण तेवढ्यात कोणीतरी तिकिटाच्या खिडकीवर टकटक केलं. हात चालवून पाहायचा असेल तर बादलीत कालवलेलं शेण आहे, मी आलो की दाखवतो, असं म्हणून वामनराव गेले. आता कालवलेलं शेण समोर असताना दीक्षाला थांबवणार कोण?

तिने बाह्या वर केल्या, ओढणी कमरेला खोचली, पोतेरं बादलीत बुडवलं आणि आतल्या खोलीच्या दारापासून सुरुवात केली. थंडगार, गुळगुळीत, मऊ. वास असा की आधी नाक मुरडावं आणि मग पुन्हा घ्यावासा वाटावा. रोशनी दारातून क्रिकेटच्या सामन्यासारखं वर्णन करत होती, रितिका फोन पुन्हा बाहेर काढून शूटिंग करत होती. दीक्षा अर्धगोल काढत सरकली, आणखी सरकली. चुलीपर्यंत पोचली, चुलीच्या मागचा कोपरा तेवढा राहिला. तोही तिने झकास सारवला आणि विजयी मुद्रेने वळून पाहिलं.

समोर ओली, चकचकीत, अख्खी खोली. पलीकडे दार.

“आता बाहेर कशी येशील वं?” रोशनी म्हणाली.

पुढचा व्हिडिओ रितिकाकडे आजही आहे. त्यात फक्त कवेलू दिसतात, मग कडुनिंब, मग आकाश, आणि कोणीतरी श्वास कोंडल्यासारखं हसतंय एवढंच ऐकू येतं. वामनराव आले, पाहिलं, उंबऱ्याशी शांतपणे टेकले. “आता वाळेपर्यंत तिथंच रहा. अर्धा तास लागते,” ते म्हणाले. “सारवलेल्यावर पाय देशील तर पुन्हा सारवा लागते.” आणि मग त्यांचेही खांदे हलू लागले.

दीक्षा चुलीजवळ भिंतीला टेकून बसली आणि हसत हसत हळूहळू थांबली. बसल्या जागेवरून दोन्ही दारं एका रेषेत दिसत होती, आणि त्यांच्यातून थेट पायवाट. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसत असणार. डोक्यावर बल्ली होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात १७. आणि सतराच्या शेजारून उधईच्या मातीची एक बारीक शीर वर चढत गेलेली. दीक्षाने नखाने खरवडली. आतलं लाकूड जुन्या खारी बिस्किटासारखं चुरलं आणि तिच्या मांडीवर पडलं.

तेव्हा मात्र मम्मी नीट आठवली. शाळेत जायच्या आधी मम्मीला गावातलं घर सारवावं लागे. वर्गात पोरी नाकाला रुमाल लावत, ती लिंबाची साल हातांना घासून घासून चोळत असे. आता ती दवाखान्यात स्टाफ नर्स होती, तिच्या हातांना कायम साबणाचा वास. नंदनवनच्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी खुर्च्या असूनही ती टाइल्सवर मांडी घालून बसली होती आणि येईल त्याला सांगत होती, या हातांना आता शेण लागणार नाही. त्या वहीत दीक्षाने याच हातांचं नाव लिहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये पैज कोणी जिंकली यावर भांडण झालं. दीक्षा प्रश्न विचारताना हसली नव्हती, उत्तर संपेपर्यंतही नाही. पण उत्तर संपलंच नाही अजून, असं रोशनीचं म्हणणं. दीक्षाच्या अंगाला असा वास येत होता की जागा आपोआपच मोकळी झाली आणि ती बसून आली.

घरी दार मम्मीनेच उघडलं. तिने एकदा श्वास घेतला.

“शेण?”

दीक्षाने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. पैज, वामनराव, मालगुजाराची भरलेली वही आणि लहान घराची कोरी, ताडपत्री, सतरा नंबरची बल्ली, रविवार. पप्पा चहाची गाळणी हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. अंकुशराव जन्मापासून नागपूरच्या जरीपटक्यात वाढलेले, शेण फक्त चुकवायचं असतं एवढंच शिकलेले. ते हळूच म्हणाले, जायला काय हरकत आहे.

मम्मीने लेकीला खांद्याला धरून वळवलं आणि कुर्तीची पाठ पाहिली. भिंतीची माती, खाली वाळलेलं शेण.

“कोपऱ्यात अडकली होतीस,” ती म्हणाली.

“तुला कसं कळलं?”

मम्मीने फ्रिजचा दांडा धरला होता आणि ती वाकून हसत होती, दवाखान्यातल्या बायकांसमोर कधी हसत नसेल तशी. “मी पण अडकली होती,” ती शेवटी म्हणाली. “आठ वर्षांची असंन. आईनं उचललं नाही मले. म्हणे, वाळू दे. शाळा बुडली त्या दिवशी. कोपऱ्यातून सुरू करा लागते वं, अन् मागं मागं दाराकडे या लागते. एवढं तरी विचारायचं होतं कोणाले.”

मग तिने डोळे पुसले आणि हात नळाखाली धरले, काही लागलं नव्हतं तरी. “पण मी येणार नाही,” ती म्हणाली. “बाकी काही सांग. शेणात हात नाही घालणार मी.”

हा आवाज दीक्षाला माहीत होता. या आवाजापुढे पप्पासुद्धा गाळणी घेऊन परत आत जायचे, आणि ते निघालेही. जुनी दीक्षा आपल्या खोलीत गेली असती आणि सोमवारी रितिकाकडून वामनरावांना फोन करवला असता. नवी दीक्षा मम्मीच्या त्या चकचकीत टाइल्सच्या मधोमध उभी राहिली, माईक नसलेल्या स्टेजवर राहिली होती तशी.

“पप्पा, थांबा. ठरलं माझं,” ती म्हणाली. “उद्या नाही, पुढच्या रविवारी आपण तिघं चाललो तिथं. सारवू मी अन् तुम्ही. चूल मी पेटवते, जेवण जसं होईल तसं खायचं. मम्मी, काका म्हणाले जाणणारं माणूस हजर पाहिजे, बस. तुले शेणाले बोट लावायचं नाही. बाल्कनीतली लाल खुर्ची नेऊ, ती दारात टाकू, तू नेलपॉलिश लावून बस तिच्यावर. अन् पप्पा दाराकडून सुरू झाले की ओरड.”