दक्षिणेचा व्हरांडा

आमच्या लोणावळ्यात मे महिना लागला की लोक आंब्यांपेक्षा ताडपत्र्यांचा भाव जास्त विचारतात. पाऊस यायच्या आत व्हरांडे बंद झाले पाहिजेत. एकदा का झड आत यायला लागली, की गाद्यांना बुरशी, कपाटांना बुरशी, चपलांनासुद्धा बुरशी. आमच्या ह्यांचा, म्हणजे केशवरावांचा, धंदाच हा. उभा जन्म ह्यांनी खंडाळ्याच्या बंगल्यांचे व्हरांडे प्लायनं आणि फायबरच्या पत्र्यांनी बंद केले आणि दसऱ्याच्या सुमाराला उघडून दिले. बंगल्यांचे मालक यायचे वर्षातून आठवडाभर, तेही पत्ते कुटायला. मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे घरातली अक्कल माझी आणि हातोडी ह्यांची, अशी आमची वाटणी होती. निदान मी तरी तसं समजायचे.

तळेगावच्या श्रीयशचं एक छोटं मंडळ आहे. नोकरी सांभाळून तो आणि त्याचे मित्र दरवर्षी कुठल्या तरी लांबच्या शाळेची नाहीतर दवाखान्याची डागडुजी करून येतात. गेल्या वर्षी त्यांनी नेपाळमधलं मुलांचं एक रुग्णालय निवडलं, आणि जाणकार माणूस हवा म्हणून ह्यांना विचारलं. मी हसले. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार कधीपासून लोंबत होतं आणि हे परदेशात दारं बसवायला निघाले होते. तसं मी बोलूनही दाखवलं. हे रागावले नाहीत. म्हणाले, "ज्यांना गरज नाही त्यांची घरं आयुष्यभर कोरडी ठेवली, चंद्रिका. एकदा लेकरांचं घर कोरडं करून बघतो." मी दशम्या करून दिल्या आणि गुडघे दुखतात म्हणून मागं राहिले.

फाल्गुनात हे निघाले तेव्हा ह्यांच्याबरोबर कान्हू गेला. कान्हू भुशीच्या वरच्या वाडीतला. मिसरूड फुटल्यापासून ह्यांच्या हाताखाली सुतारकाम करतोय, आता त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नाही. ह्यांनी हात पुढं केला की कान्हू त्यात बरोबर हवा तो पेचकस ठेवतो. परत आल्यावर कान्हूनं वाडीत विमानाचं वर्णन इतक्या वेळा केलं, की त्याची बायको हिरी मला म्हणाली, "वहिनी, आता ह्येला एकदा विमानातनं खाली उतरवा."

मंडळानं काम चांगलं केलं होतं, यात वाद नाही. भिंती रंगवल्या, संडास दुरुस्त केले, गळके नळ बदलले. पण सगळ्यात देखणं काम म्हणजे व्हरांडा. वॉर्डाच्या दक्षिणेला लांबच लांब, सताड उघडा व्हरांडा होता. ह्यांनी तो पाहिला मात्र, आणि ह्यांच्या डोळ्यांपुढं लोणावळ्याचा आषाढ उभा राहिला. कान्हूला हाताशी घेऊन ह्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद करून टाकला. खाली प्लाय, वर जाड करडं फायबर, सांध्यांना सिलिकॉन. भुशीवरून सुटणाऱ्या वाऱ्याला पुरून उरेल असं काम. निघताना तिथल्या लोकांनी ह्यांच्या गळ्यात हार घातले, दारावर ह्यांच्या नावाची पाटी लावली, आणि हे रडले. फोटो मीही पाहिले आणि काय झोकदार झालंय म्हणून कौतुक केलं.

श्रावणात ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. जीव वाचला, पण शिडीवर चढणं बंद, वजन उचलणं बंद, डॉक्टरांनी मनाला त्रास करून घेणंही बंद केलं. काम करणाऱ्या माणसाला नुसतं बसवून ठेवलं की तो घरातल्या बाईचा जीव घेतो. हेही डाळीत मीठ किती, पंखा कितीवर, यात नाक खुपसायला लागले. पण कुणी भेटायला आलं की मोबाइल काढायचे आणि त्या व्हरांड्याचा फोटो दाखवायचे. तेवढ्या वेळेपुरता आवाज पूर्वीसारखा व्हायचा. तो फोटोच ह्यांचं खरं औषध आहे, असं मी शेजारच्या अंबूबाईंना म्हणायचे. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जानेवारीत तळेगावला होता आणि तिथं ह्यांचा सत्कार ठरला होता. त्यासाठी ह्यांनी नवा सदरा शिवायला टाकला.

डिसेंबरच्या शेवटी ओवी घरी आली. ओवी माझी जुनी विद्यार्थिनी आणि श्रीयशची मामेबहीण. नर्सिंग शिकते. त्याच रुग्णालयात महिनाभर काम करून ती नुकतीच परतली होती. हे आत झोपले होते. तिनं चहा घेतला नाही, इकडचं तिकडचं बोलली नाही, थेट सांगायला लागली.

तिथं थंडी हाडं गोठवणारी. विजेचा भरवसा नाही, त्यामुळे हीटर असून नसल्यासारखे. वॉर्डाला ऊब मिळायची ती फक्त त्या व्हरांड्यातून. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दिवसभर ऊन त्या व्हरांड्यात पडायचं. आया चटया टाकून बसायच्या, बाळांना तेल लावायच्या, पाय प्लास्टरमध्ये असलेली मुलंसुद्धा खाटेसकट बाहेर आणायचे. छपराची वळचण इतकी पुढं आलेली, की पाऊस तिथं कधी आत येतच नव्हता. आता व्हरांडा बंद झाला होता आणि वॉर्डात दुपारीसुद्धा तोंडातून वाफ निघत होती. आया आजारी पोरांना दुपट्यात गुंडाळून मागच्या रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुळीत, उन्हाला नेऊन बसवत होत्या.

"मग काढून का टाकत नाहीत?" मी विचारलं.

ओवी म्हणाली, तिनंही तेच विचारलं होतं. तिथल्या मुख्य नर्सबाई, सिर्जना म्हणून आहेत. त्या म्हणाल्या, पाहुण्यांनी स्वतःच्या हातांनी दिलेली वस्तू आम्ही कशी मोडायची? बांनी सांगितलं तरच काढू. बा म्हणजे आमचे हे. हे सगळं ओवीनं श्रीयशला फोनवरून कधीच कळवलं होतं. तो म्हणाला, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू.

मी दुसऱ्याच दिवशी तळेगावला गेले. श्रीयश वाईट मुलगा नाही. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि भाऊंच्या, म्हणजे ह्यांच्या, तब्येतीची काळजी वाटते म्हणून सांगितलं नाही, असं म्हणाला. देणगीदार येणार आहेत, पडद्यावर त्या व्हरांड्याचेच फोटो दाखवायचे आहेत, हेही हळूच म्हणाला. मी त्याला विचारलं, कार्यक्रमापर्यंत तिथली थंडी थांबणार आहे का? मी त्याला आणखी बरंच बोलले, शाळेत बोलायचे तशी. पण परतीच्या बसमध्ये माझा सगळा जोर ओसरला. त्याला बोलणं सोपं होतं. घरी जाऊन ह्यांना सांगायचं होतं ते मला. ह्यांना सांगितलं तर ह्यांचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर त्या लेकरांचं काय होईल, हे दोनच विचार कामशेत गेलं तरी डोक्यात होते. मला भीती वाटत होती, ह्यांना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल याची.

सकाळी गोळ्या दिल्या, नाश्ता झाला, आणि मी सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, काही मवाळ केलं नाही. मला तसं जमतच नाही.

हे आधी चिडले. म्हणाले, ती पोर कालची, तिला काय कळतंय, झड काय चीज असते ते लोणावळ्यात चार पावसाळे काढल्याशिवाय समजत नाही. मग फोटो उघडून बराच वेळ बघत राहिले, बोटांनी मोठा करून, वळचण कुठपर्यंत येते ते. मी ह्यांच्या छातीकडं बघत होते.

"एक बाई होती," हे म्हणाले. "मी मापं घेत होतो, तेव्हा नेमकी मध्येच चटई टाकून बाळाला घेऊन बसलेली. मी तिची चटई उचलून बाजूला सावलीत टाकून दिली. बाळाला बिस्किटाचा पुडा दिला. मला वाटलं, मी किती चांगला वागलो."

मला ह्यांची दया आली आणि त्या बायकांचा रागही आला. एवढा चांगुलपणा काय कामाचा? मूग गिळून बसण्यापेक्षा एकीनं तरी तोंड उघडायचं होतं, हार कसले घालता? मी तसं म्हणाले. हे फक्त म्हणाले, "कान्हूला बोलाव."

कान्हू आला, ऐकून खाली बसला. त्याला आधी पटलंच नाही. मग म्हणाला, "भाऊ, मी जातो तितं. समदं नीट सोडवून येतो. आपल्या हातचं हाय, दुसऱ्या कुणाला उलगडायचं न्हाई." ह्यांनी मान हलवली. तिकीट, पैसे, सगळं जमेपर्यंत निम्मी थंडी निघून गेली असती. मग दोघांनी ठरवलं, तिथल्या माणसांकडून फोनवर उतरवून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ फोन लागला. सिर्जनाबाई, त्यांच्या मागं दोन वॉर्डबॉय आणि शिडी. ह्यांनी हिंदीत सांगितलं की हे काढायचं आहे, आजच काढायचं आहे. त्या नको नको म्हणायला लागल्या, थोडंसंच उघडू, एक खिडकी ठेवू, तुमच्या नावाची पाटी राहू दे. ह्यांनी सत्कारापुरतासुद्धा तो व्हरांडा बंद ठेवला नाही.

उतरवायला फार त्रास झाला. काम मुळात इतकं पक्कं की वॉर्डबॉयना हलेना. कान्हूनं फोन धरला आणि हे एकेक जागा सांगत गेले, वरचा स्क्रू आधी, मग डावीकडचा, पत्रा ओढू नका, सिलिकॉन सुरीनं कापा. मध्येच कान्हू त्यांच्यावर ओरडायचा, "आरं, असं न्हाई, हिकडनं दाब." तिकडं मराठी कुणाला कळत नव्हती, पण ते दाबायचे बरोबर. स्वतःचं काम मोडायला शिकवताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. ह्यांचा आवाज एकदाही चढला नाही. मला मात्र आत जाऊन डोळे पुसावे लागले.

पत्रे एकामागून एक खाली आले. फोनच्या त्या एवढ्याशा चौकटीत ऊन आत शिरताना दिसलं, आधी कठड्यावर, मग फरशीवर, मग वॉर्डाच्या आतल्या भिंतीपर्यंत. वॉर्डबॉय अजून शिडीवरच होता, तेवढ्यात एक बाई आली, कुणाला न विचारता चटई पसरली आणि मांडीवरच्या बाळाचं टोपडं काढायला लागली. तिच्यामागून दुसरी आली. हे बघत राहिले. कान्हूनं नाक शिंकरलं आणि फोन हलला.

हे मग सिर्जनाबाईंशी बोलले. ते हिंदीतलं बोलणं मी आपल्या भाषेत सांगते. हे म्हणाले, "ताई, तेव्हाच का नाही सांगितलंत? मी बसवलंच नसतं."

बाईंनी मान वळवली. मला वाटलं, आता म्हणतील, तुम्ही एवढ्या लांबून आला होतात, पाहुण्यांना कसं सांगायचं. त्यांना बोलायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. ह्यांनी पुन्हा विचारलं.

"सांगितलं होतं, बा," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. मी म्हणाले, इथं आमच्या मुलांना ऊन मिळतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, काळजी करू नकोस पोरी, एक थेंब आत येणार नाही."

हे वाक्य मला पाठ होतं. खंडाळ्याच्या प्रत्येक मालकाला हे असंच सांगायचे, जेवताना फोन आला तरी तोंडातल्या घासासकट सांगायचे. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, की ह्यांना आठवू नये. आजारपणानंतर हे कितीतरी विसरतात. आठवत नाही म्हणाले असते तर कुणी दोष दिला नसता.

बाईंना ह्यांनी हात जोडले आणि कान्हूला फोन ठेवायला सांगितला. कान्हू पायऱ्यांवर जाऊन बसला. हे स्वतःच्या हाताकडं बघत होते.

"मला ऐकू आलं होतं गं," हे म्हणाले. "नीट ऐकू आलं होतं."