गार हात

आमच्या मेंढपाळांच्या गटात वर्षातून एकदा मेंढे निवडतात. निवडलेला मेंढा सगळ्यांच्या कळपांत फिरतो, बाकीचे खच्ची होतात. तपासणीचं काम यंदा माझ्याकडे आलं, आणि माझ्या विधवा धाकट्या जाऊने तिचा लाटसाहेब पुढे आणला.

साथीत तिचा सगळा कळप गेला. उरलं हे एकच कोकरू, तेही आईवेगळं. तिने त्याला बाटलीने वाढवलं. दूध कोमट नसलं तर तोंड फिरवायचा, म्हणून लाटसाहेब. तो निवडला गेला असता तर घरटी एक मेंढी तिला मिळाली असती. नाहीतर भावाकडे जायचं. भावजयीने भांडी घासायची मोरी आत्ताच दाखवून ठेवली होती.

दात चोख, छाती रुंद. गटाचे काका म्हणाले, "यात बघायचं काय? नवरदेव आहे नुसता!"

सगळे हसले. मी वाकून मागच्या पायांमधली पिशवी चाचपली. दोन गोळ्या हव्यात, एकच लागली. देवाचं नाव घेऊन पुन्हा चाचपली. एकच.

जाऊचं हसू थांबलं. "ताई, हात गार आहेत तुमचे. गारठ्याने त्याने दुसरी वर ओढून घेतली असेल."

असं होतं खरं. मी चहाच्या किटलीला हात लावून शेकले. लाटसाहेबाला उन्हात उभं केलं. दुपारी काकांनी स्वतः चाचपून पाहिलं. एकच.

"हे सगळ्यांच्या कोकरांत उतरेल, पोरी," ते हळूच म्हणाले. एका गोळीचा मेंढा घ्यायचा नाही, हा नियम गटाने केला तेव्हा तिनेही हात वर केला होता.

परतताना मी म्हटलं, "माझ्यातल्या दोन मेंढ्या घेऊन जा."

"त्या भावजींच्या आहेत, ताई. तुमचं म्हणाल तर देवघर तेवढं."

ती चिडून बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खच्ची करायला येणार होते. मी पूजेला बसले होते, तर ही लाटसाहेबाला घेऊन दारात उभी.

"आज ऊन चांगलं पडलंय. एकदाच बघा ना."

पूजा मी कधी अर्धी सोडत नाही. उठले. तिने माझे दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेतले आणि चोळत राहिली, चोळतच राहिली. लाटसाहेब माझ्या पदराला हुंगत होता.

"झाले का गरम?" तिने विचारलं.

"झाले," म्हटलं, आणि वाकले.