काळी पाचची सिंधू

अकोल्याच्या जठारपेठेत इंदूमावशीच्या घरी दुपारी सगळे आडवे झाले होते, पण प्रमोदिनीला झोप कुठली? चौथ्यांदा उठून ती बाजाच्या पेटीपाशी गेली, झाकण उघडलं, पुन्हा मिटलं. न्हाणीत तिची धाकटी बहीण सिंधू मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होती, दार लावून. बापाला ऐकू जाऊ नये म्हणून पोरगी गुळण्यासुद्धा चोरून करत होती.

देवपुजारी भावंडांचं नाव तेव्हा, म्हणजे एकसष्ट साली, अख्ख्या वऱ्हाडात गाजत होतं. वडील मोरोपंत अमरावतीच्या एका शाळेत गाणं शिकवत आणि मंचावर तबला वाजवत. थोरली प्रमोदिनी पेटीवर. मधला हरिहर खंजिरी वाजवी आणि दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना हसवी. पण तिकिटं खपत ती सिंधूच्या नावावर. नवव्या वर्षी ती काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून, गायली होती. ही पट्टी इतकी वरची, की भल्याभल्या गाणाऱ्या बायांना तिथं घाम फुटे. तेव्हापासून पोस्टरवर एकच ओळ, ‘काळी पाचची बेबी सिंधू’. बेबी आता सतरा वर्षांची झाली होती, पण पोस्टरवरची काही मोठी होईना.

त्यातून मोरोपंतांनी एक प्रथा पाडून ठेवलेली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला गावातल्या एखाद्या वजनदार माणसाला मंचावर बोलवायचं, त्याच्याच बोटानं पेटीची काळी पाच दाबून घ्यायची आणि त्या सुरावर सिंधूनं सा लावायचा. “देवपुजाऱ्यांकडे लबाडी नाही!” असं मोरोपंत छातीवर हात ठेवून सांगत. पहिली टाळी तिथंच पडे.

या दौऱ्यात मात्र पहिल्या दिवसापासून काही धड होत नव्हतं. बडनेऱ्याला सिंधूचा वरचा सूर चिरकला. मूर्तिजापूरला तो लागलाच नाही. हरिहरनं खंजिरी बडवून वेळ मारून नेली, तरी मागून कुणीतरी ओरडलंच, “बेबी म्हातारी झाली वाटते!” निघण्याआधी प्रमोदिनीनं तिला गुपचूप डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले होते, गळ्यात गाठी धरल्या आहेत, पट्टी खाली आणा, नाहीतर वर्षभरात हिचं गाणं संपेल. प्रमोदिनीनं हे बापाच्या कानावर घातलं. बापानं सिंधूला विचारलं, “दुखते काय वं?” सिंधू म्हणाली, “नाही, नाना.” झालं! मोरोपंतांच्या लेखी विषय मिटला.

आता ते उठून चहा पीत बसले होते. प्रमोदिनीनं पुन्हा एकदा धीर केला.

“नाना, आज काळी चार धरू. दोनच घरं खाली. कोणाले समजते?”

“मले समजते,” मोरोपंत म्हणाले. “आठ वर्षं लोकांले काळी पाच दाखवून राहिलो, आता लबाडी करू? तू आपली पेटी वाजव.”

प्रमोदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बापापुढे आवाज चढवायची त्या घरात रीत नव्हती. ती मुकाट्यानं उठली, आणि उठतानाच तिनं ठरवलं.

पेटी कलकत्त्याची होती. तिची बाजूची खीळ सोडली की पट्ट्यांची अख्खी फळी सरकत असे. मग बोट काळी पाचवरच राही आणि सूर मात्र दोन घरं खालचा निघे.

संध्याकाळी थिएटर भरलं. पडद्यामागे मोरोपंतांनी पेटीवर काळी पाच धरायला लावली, हातोडीनं ठोकून तबला तंतोतंत मिळवला आणि पाहुण्यांना आणायला ते बाहेर गेले. प्रमोदिनीनं खीळ सोडली. फळी दोन घरं सरकवून तिनं ती पुन्हा लावली. सिंधू बघत होती.

पाहुणे म्हणजे पातूरचे खुशालराव, मोठे शेतकरी. उद्याचा पातूरचा कार्यक्रम त्यांनीच ठरवला होता. त्यांनी जाड बोटानं काळी पाच दाबली आणि सिंधूनं सा लावला. मोकळा, गोल. मानेची एकही शीर ताणली गेली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग मोरोपंतांची थाप तबल्यावर पडली आणि त्यांचा चेहरा उतरला. तबला एकीकडे, पेटी दुसरीकडे. त्यांनी प्रमोदिनीकडे पाहिलंच नाही, पेटीच्या खिळीकडे पाहिलं. आता नाना उठणार, सगळ्यांसमोर फळी सरकवणार आणि सिंधूला पुन्हा वर चढवणार, असं प्रमोदिनीला वाटलं.

मोरोपंतांनी हातोडी उचलली.

“तुमच्या अकोल्याच्या उन्हानं तबला चढला, मंडळी,” ते म्हणाले. “जरा उतरवून घेतो.”

लोक हसले. चांगली पाच मिनिटं ते खाली मान घालून ठोकत राहिले. मग गाणी सुरू झाली.

मध्यंतरात पडदा पडला तरी प्रमोदिनी पेटीपासून हलली नाही. मोरोपंत सिंधूपाशी जाऊन उभे राहिले.

“आज दुखलं काय?”

“कमी.”

“म्हणजे रोज दुखत होतं?”

सिंधूनं मान डोलावली.

“मी विचारलं तवा सांगितलं काहून नाही?”

“तुमीच सांगता ना सगळ्यांले, काळी पाच म्हणून,” ती म्हणाली. “मी दुखते म्हटलं असतं, तर लबाड तुमी ठरले असते.”

मोरोपंत हातोडी तशीच हातात धरून पडद्याबाहेर गेले.

“मंडळी, मघाशी मी खोटं बोललो,” त्यांचा आवाज आत ऐकू आला. “तबला चढला नव्हता. पेटी उतरवली होती. माझी पोरगी काळी पाचमध्ये गात नाही, यापुढं गाणारही नाही. ज्याले जायचं त्यानं खुशाल जावं.”

पडदा उघडला. मागच्या रांगांतून माणसं उठत होती. खुशालरावही उठून उभे राहिले होते. जावं की बसावं, त्यांचं काही ठरेना. हरिहर खंजिरी धरून नुसताच उभा. प्रमोदिनीनं घाईघाईनं पेटीचा भाता ओढला, पण सिंधू सुरासाठी थांबलीच नाही. तिनं डोळे उघडे ठेवून तिला हवा तिथं सा लावला. मघापेक्षाही खालचा, भरलेला, बाईमाणसाचा. असा आवाज तिच्यात आहे हे घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

प्रमोदिनीची बोटं पट्ट्यांवरून तिला शोधत फिरली. तबला तितका उतरणार नव्हता, म्हणून मोरोपंतांनी तो बाजूला सारला आणि मांडीवर हातानं ताल धरला.