बदामाच्या पिठाचा पाव आणि मी

मित्रांनो, मी पाव भाजण्याचा एक जुना, लांबट साचा आहे. माझ्या काळेपणाला मात्र नावे ठेवू नका. तो मुरलेल्या तेलाचा आहे आणि त्यामुळेच पाव मला चिकटत नाही.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले. आमच्या आजोबांच्या बेकरीत माझी भावंडे आणि मी रांगेने भट्टीत जात असू. आजोबांना सगळे मास्तर म्हणत. पहाटे गल्लीत वास दरवळला की लोक म्हणत, "मास्तर उठले!" आजोबा मला गरम असतानाच कोरड्या फडक्याने पुसत आणि तेलाचा हात फिरवत. त्या हाताचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे बेकरी बंद झाली. भावंडे कुठे कुठे गेली, मला मात्र आजोबांनी घरी आणले. आजीने माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. जरा वाईट वाटले, पण घरात जागा तर मिळाली!

मग आजोबांची साखर वाढली. डॉक्टरांनी गहू, साखर, बटाटा सगळे बंद करून कीटो आहार सांगितला. आजोबांची अन्नावरची वासनाच उडाली. "जन्मभर लोकांना पाव खाऊ घातला, नि आता मी नुसती अंडी चिवडत बसू?" म्हणत ते ताट सरकवत. ते वाळत चालले होते. आजी कपाळाला हात लावून बसे.

सून मात्र हटली नाही. तिने चिमटे टोपलीत ओतले, मला पुसले आणि बदामाचे पीठ, अंडी, लोणी, इसबगोल, बेकिंग पावडर कालवून माझ्यात घातले. ती ओव्हनकडे वळते तोच आजोबा काठी टेकत आले. जुन्या सवयीने त्यांनी माझ्यावर ओले फडके टाकले.

"घाई नको. पिठाला झोपू दे, मग फुगेल."

सासऱ्यांपुढे कसे बोलायचे, म्हणून तिने मला तसेच ओट्यावर ठेवून दिले. पीठ झोपले ते झोपलेच! इसबगोलाने सगळा ओलावा पिऊन टाकला, पावडरीचा जोर आधीच ओसरला. ओव्हनमधून वीट निघाली.

"माझा हातच गेला," आजोबा म्हणाले आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी सून मला घेऊन थेट त्यांच्या उशाशी गेली. "बाबा, हात तुमचा चांगलाच आहे हो. पण ह्या पिठात ना गव्हाचा चिवटपणा, ना यीस्ट. ह्याला वाट बघणं जमत नाही. कालवलं की लगेच आत. मी कालच बोलायला हवं होतं."

"म्हणजे अगदी तुझ्या सासूसारखं," आजोबा पुटपुटले. "तिलाही कधी दम निघत नाही."

"ऐकू आलं हं!" आजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

आजोबा हसले. उठून त्यांनी स्वतः मला तेल लावले. कालवले, ओतले, लगेच आत! पीठ माझ्या काठाच्या वर आले. पाव निघाल्यावर आजोबांनी त्याच्या पाठीवर टकटक करून कान लावला. तो पुरता निवेपर्यंत त्यांनी कुणाला सुरी लावू दिली नाही.

टोकाचा काप त्यांनी सुनेपुढे धरला. "हा भट्टीपाशी उभं राहणाऱ्याचा मान." दुसरा काप लोणी लावून स्वतः खाल्ला आणि ताटली पुन्हा पुढे केली. आजी उगीचच खिडकीबाहेर बघत राहिली.

मित्रांनो, या घराने मला पुन्हा कामाला लावले, याहून मोठे सुख नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा साचा असेल, तर त्याला खरवडू नका, ओला ठेवू नका. आणि घरात कुणी ताट सरकवले तर रागावू नका. त्याला स्वयंपाकघरात बोलवा, त्याच्या हाताला काम द्या. भूक कधीकधी हातांतून येते.