आधी नदी, मग गुडघा

भंगारवाल्याच्या टेम्पोतून होडी जबलपुरात आमच्या चेरीतालच्या अंगणात उतरली, त्या दिवशी गल्लीत एकच प्रश्न होता: प्रमोदिनीचं डोकं ठिकाणावर आहे ना? माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं. नुकतीच साठीला निवृत्त झाले होते आणि रिछाईच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या केल्या होत्या. तिथं पाणी आत राहावं म्हणून राबले, आता ते बाहेर राहावं म्हणून राबायचं, एवढाच फरक.

होडी चौदा फुटी, मासे धरायची. बरगीच्या धरणावर कुणीतरी वापरून टाकून दिलेली. मी हातोडी घेऊन तिच्या अंगावर ठोकत फिरले. चांगलं फायबर टणटण वाजतं, आतून सुटलेलं भद्द वाजतं. मागचा अर्धा भाग भद्दच वाजत होता. मागच्या फळीला भोक पाडलं, तर आतल्या सडक्या प्लायवूडमधून काळं पाणी गळायला लागलं. ते दोन दिवस गळत होतं.

ही होडी माझ्या आईसाठी होती. आई, भागीरथा, एकोणऐंशी वर्षांची. १९६१ साली तिला भंडाऱ्याहून लग्न होऊन जबलपूरला येऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या आत्याचं लग्न नदीपलीकडे होतं आणि वडील, लक्ष्मणराव, आदल्या दिवशीच पुढे गेले होते. आई मला कडेवर घेऊन ग्वारीघाटावर नावेत बसली. नावाड्यानं जात विचारली. आईनं सांगितलं, बौद्ध. तो म्हणाला, ते राहू दे, त्याआधी काय होतात ते सांग. आईनं नाही सांगितलं. मग तो म्हणाला, उतर. नावेत आणखी नऊ माणसं होती, एकही तोंड उघडलं नाही. आई उतरली आणि तिलवाऱ्याच्या पुलावरून फेरा घालून चालत गेली. पोचली तेव्हा लग्न लागून जेवणंसुद्धा आटोपली होती.

तेव्हापासून आई कुणाच्या नावेत बसलेली नाही. मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, मी दोन वर्षांची होते. पण तिचा राग माझ्याकडे आला आहे आणि तो मी सोन्यासारखा जपला आहे.

शेजारचे विष्णुपंत, निवृत्त मास्तर, माणूस भला. फायबरवर चोपडायच्या रेझिनच्या वासानं त्यांचं डोकं दुखायचं, आणि तो वास वाईट असतो हे मी नाकारत नाही. पण वासाची तक्रार करता करता ते एकदा उपदेशावर घसरले. म्हणाले, आता कोण विचारतं हो जात? ग्वारीघाटावर जा, वीस-तीस रुपये द्या, खुशाल बसा. जुनं उगाळून काय मिळणार? मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच ओट्यावर तांदूळ निवडणारी आई बोलली.

"आता विचारत नाहीत, ते बरंच हाय. पण मास्तर, ज्याची नाव त्याची मर्जी. मले कोणाच्या मर्जीनं नाही बसायचं."

मास्तर आपल्या घरात गेले. वासाबद्दलही नंतर फारसं बोलले नाहीत.

खरा अडथळा घरातलाच होता. माझा धाकटा भाऊ शैलेंद्र नागपूरला बँकेत आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली. त्यानं दहा जूनची ऑपरेशनची तारीख घेतली आणि त्यानंतर आईनं त्याच्याकडेच राहायचं, हेही परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाले होते की पुढे मांडी घालणं, खाली वाकणं बंद. म्हणजे होडीत चढणं-उतरणं तर विसराच. शैलेंद्र फोनवर मला म्हणाला, दीदी, तू तिच्या नादी लागून काय करून राहिली? पडली तर? त्याचं चुकत होतं असं नाही. म्हणूनच मला जास्त संताप आला. मी फोन आईच्या हातात दिला. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, अच्छा, अच्छा म्हणाली, आणि शेवटी तिचं म्हणणं सांगितलं.

"आधी नदी, मग गुडघा."

आणि फोन ठेवला.

फळी नवी बसवली, सुटलेलं फायबर घासून काढलं. काचेची ती धूळ अंगात शिरते आणि रात्रभर खाजते. आई गार पाण्यानं माझे हात धुवायची आणि लहानपणी मला बोलायची तशी बोलायची. मग मी काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, रेझिन चोपडायचं, रोलर फिरवून हवा काढायची, असे एकावर एक थर. मे महिन्यात जबलपुरात काय ऊन असतं ते सांगायला नको. कारखान्यातल्या सवयीनं मी रेझिन घट्ट करणारं हार्डनर नेहमीएवढं घातलं, तर ब्रश बुडवायच्या आत मग्यातलं रेझिन दगड झालं आणि त्यातून धूर निघायला लागला. एकतीस वर्षांचा अनुभव, आणि ही अक्कल! दुसऱ्या दिवसापासून हार्डनर निम्मं केलं आणि पहाटे पाचला काम सुरू करून आठच्या आत संपवू लागले.

शेवटी होडी विटांवर ठेवली, नळी लावली आणि आत वीतभर पाणी भरलं. विष्णुपंत कुंपणावरून म्हणाले, अहो, होडी पाण्यात घालतात, पाणी होडीत नाही. मी म्हटलं, आतलं पाणी जिथून बाहेर येईल तिथूनच बाहेरचं आत येणार ना? त्यांनी थोडा विचार केला आणि चष्मा लावून अंगणात आले. खालून तीन ठिकाणी थेंब पडत होते. तिसरं मला दिसलंच नव्हतं, ते मास्तरांनी दाखवलं. तिन्ही ठिकाणं बुजवली.

सात जूनला टेम्पो केला. घाट तोच, १९६१ चा. काठावर नथ्थू नावाचा नावाडी होता, चाळिशीतला. त्यानं होडीवर हात फिरवला, काम चांगलं झालंय म्हणाला, आणि विचारलं, नारळ फोडला का, पूजा केली का? आई म्हणाली, आमच्यात नाही करत. तो म्हणाला, मग माझा पाय या नावेत पडणार नाही, आमचा कायदा आहे. भांडला नाही, नुसतं सांगितलं. आणि मग मला विचारलं, "दीदी, चप्पू चलाना आता है?"

इथं माझी चूक सांगितलीच पाहिजे. तीन महिने होडी घडवली, पण ती वल्हवणार कोण, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नव्हतं. वल्ही विकत आणली होती, रंगवलीसुद्धा होती. मी ताठ मानेनं म्हटलं, येतं.

नथ्थूनं पाण्यात उभं राहून होडी धरली. आई स्टुलावर चढली, माझ्या खांद्यावर भार टाकला, कण्हली आणि आत जाऊन मधल्या फळीवर बसली. मी वल्ही मारली. होडी गोल फिरली. पुन्हा मारली, उलटी फिरली. काठावर फुलवाल्या, आंघोळीची माणसं, टेम्पोचा ड्रायव्हर, सगळे हसायला लागले. माझे कान तापले. म्हटलं, आई, आपण परत जाऊ, कुणाला तरी घेऊन येऊ.

आई पदर डोक्यावरून घेऊन सरळ बसली होती. "हसू दे त्याईले," ती म्हणाली. "तू मार."

नथ्थू काठावरून ओरडत होता, दोन्ही एकदम, दीदी, दोन्ही एकदम. मला त्याचं ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं. होडी वाकडीतिकडी का होईना, पुढे सरकली. तळाशी एक थेंब पाणी नव्हतं. अर्धा तास लागला. जिथं लागायचं त्याच्या कितीतरी खाली आम्ही पलीकडे लागलो.

माझ्या तळहातांना फोड आले होते. गुडघाभर पाण्यात उडी मारली, होडी वाळूवर ओढली आणि हात पुढे केला.

"उतर, आई."

आईनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग मागे, आम्ही आलो त्या काठाकडे पाहिलं. जागची हलली नाही.

"काहून उतरू?" ती म्हणाली. "माझा डोंगा हाय."