शिटोखाली दडलेली वही

मित्रांनो, माझे झाकण उघडलेत तर आधी मिरचीचा वास येईल. मी एक जुनी शिदोरीची पेटी आहे, आणि तो वास माझ्या अपराधाचा आहे.

समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावातल्या सुताराने मला मन लावून घडवले, पण एक पाय जरासा आखूड ठेवला. दर सत्राला मी घरातल्या शाळकरी फिफीबरोबर लॉरीतून केप कोस्ट शहरातल्या वसतिगृहात जात असे. पोटात गारी म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा, शेंगदाणे आणि शिटोची बरणी. सुकी मासळी आणि मिरची तेलात परतून ही काळी चटणी करायची त्याची थोरली बहीण अराबा. तिची शाळा सहावीलाच सुटली होती. सुट्टीत माझ्यातून घरी येणारी फिफीची पुस्तके ती चुलीपाशी बसून वाचून काढायची.

एकदा फिफीने बातमी आणली. त्याच्या शाळेतल्या क्वान्सा बाई मुलींचे लेखन मागवत होत्या. जिचे आवडेल, तिला मुलींच्या शाळेत फुकट जागा मिळणार होती. अराबाने अख्खी वही भरली.

"काय लिहिलंस गं एवढं?"

"हेच, की शिटो मी ढवळायचा आणि शाळेत तू जायचं, हे कुणी ठरवलं?"

"बाबांनी वाचलं तर दोघांनाही झोडपतील!"

"म्हणून तर पार तळाशी ठेवतेय. वर बरणी ठेव. शिटोच्या बरणीला बाबा हात लावायचे नाहीत."

लॉरी खड्ड्यांतून निघाली आणि मी आखूड पायावर डुलू लागले. बरणी कलंडली. सगळे तेल वहीत मुरले. घाबरलेल्या फिफीने वही ओढून काढली, फेकून दिली आणि माझ्या तळाशी वर्तमानपत्र अंथरले. सुट्टीत घरी येऊन तो म्हणाला, "बाईंना नाही आवडलं गं."

मला सगळे ठाऊक होते, पण लाकडाला वाचा कुठली? अराबाने पुढे नऊ वर्षे पेन्सिल हातात धरली नाही. लग्नात तिचे कपडे भरून मलाच तिच्याबरोबर पाठवले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

एके दिवशी तिने मला घासायला काढले. वर्तमानपत्र सोलले, तर खाली तिच्याच वहीचे एक पान तेलाने चिकटून बसलेले. ती वाकून किती तरी वेळ वाचत राहिली. मग तिने फिफीला बोलावून घेतले.

"खरं सांग, बाईंनी वाचली होती वही?"

फिफीची मान खाली गेली. "नाही, ताई. कुणीच नाही वाचली."

"अरे गाढवा, मग मी गप्प कशाला बसले इतकी वर्षं?" ती हसली आणि हसता हसता ढसाढसा रडली.

त्याच दुपारी तिने माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठा सारला, झाकणावर कोरी वही ठेवली आणि पहिली ओळ लिहिली : हे कुणी ठरवलं?

आज तिची पुस्तके मुलींच्या शाळांत वाचतात. लोक माझेही कौतुक करतात, हिच्यावरच म्हणे सारे लिहिले. मला मात्र ती नऊ वर्षे आठवतात. अराबा मला बोल लावत नाही, मीच लावते.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. पेटी भराल तेव्हा बहिणीची वही तळाशी दडपू नका. ती सगळ्यांत वर ठेवा, झाकण उघडताच दिसेल अशी.